चपला कोण सांभाळतं?

“तुमच्यात चपला कोण सांभाळतं?”

उस्मानपुऱ्यातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात आम्ही मायलेकी बसलो होतो आणि टेबलापलीकडच्या माणसाने आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. नाव नाही, गाव नाही, कुठे जायचंय नाही. मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे समुद्रावर गेल्यावर सगळे पळत पाण्यात जातात. एकजण मागं ऱ्हातं. चपला, मोबाइल, घड्याळं, टावेल घेऊन बसतं. तुमच्यात कोण बसतं?”

माझ्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. क्षणभरही विचार न करता.

“मग तुम्ही बोला, बाई,” असं म्हणून त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “पोरीला नंतर विचारतो. ती कुठंबी खूश ऱ्हाईल.”

ओळखीतले सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो. साठी ओलांडलेले, शिडशिडीत, पांढरा फुलशर्ट, खिशाला पेन्सिल. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. आत जाताना चपला दाराबाहेर काढाव्या लागत, आणि गिऱ्हाईक खुर्चीवर टेकेपर्यंत मामा त्याच्या चपला बघून घेत. एक इकडे एक तिकडे पडलेली असली की ठरलेलं वाक्य, “घाईत हाय गडी. ह्याला आज काही विकायचं नाय.” आणि खरोखरच विकत नसत, चहा पाजून परत पाठवत. असा धंदा करणाऱ्याने एव्हाना दुकान गुंडाळायला हवं होतं, पण मामांनी पाठवलेला माणूस परत आल्यावर दहा जणांना सांगायचा, त्यामुळे त्यांचं बरं चाललं होतं.

टेबलावर कॉम्प्युटर होता, पण कडेला. मधोमध एक मोठी पितळी परात होती, कणीक मळायची असते तशी. तिच्यात एका बाजूला वाळूचा उतार रचलेला आणि बाकी पाणी. हा मामांचा समुद्र. शेजारच्या डब्यात खडे असत. एखाद्या किनाऱ्याचं नाव निघालं की मामा कधी वाळू सपाट करत, कधी खडे रचत, आणि लाकडी पट्टीने पाणी ढकलून तिथली लाट करून दाखवत. कागद भिजायचे. एकदा कुणाचा पासपोर्टही भिजला होता म्हणे. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्याने येतं, तेही आलं तर, म्हणून संध्याकाळी ऑफिस बंद करताना हा समुद्र गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला जाई.

आणि या माणसाने खरा समुद्र कधी पाहिलेलाच नव्हता. हे काही कुणी शोधून काढलेलं गुपित नाही, ते स्वतःच सांगत. पहिल्याच भेटीत आम्हालाही सांगून टाकलं.

“पाहिला असता तर मला आवडलेली जागाच सगळ्यांच्या गळ्यात मारली असती,” मामा म्हणाले. “पाहिला नाय म्हणून विचारावं लागतं.”

मुलगी मला टेबलाखालून चिमटे काढत होती. चल, उठूया. मीही उठले असते, पण तो चपलांचा प्रश्न मला लागला होता.

लहानपणी आमच्या गावच्या विहिरीवर माझे दोन्ही भाऊ पोहायला शिकले. चुलते त्यांच्या पाठीला डबा बांधून सरळ ढकलून द्यायचे. मी कठड्यावर त्यांचे सदरे आणि चपला घेऊन बसलेली असायची. मुलीला कोण शिकवतंय? पुढे लग्न झालं, गणपतीपुळे झालं, अलिबाग झालं, गोवा दोनदा झाला, आणि प्रत्येक ठिकाणी मी त्याच कामावर. विशेष म्हणजे मी वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवते. भरती कशी येते, लाट कशी फुटते, हे फळ्यावर आकृती काढून मी शेकडो मुलांना समजावलं आहे. माझ्या स्वतःच्या पायाला मात्र समुद्र कधी घोट्याच्या वर लागला नव्हता.

मुलगी तेव्हा तेवीस वर्षांची होती, पुण्यात नोकरीला. मार्चमध्ये ती शिकायला जर्मनीला जाणार होती. जाण्याआधी तिला एक आठवडा माझ्याबरोबर घालवायचा होता, आणि तोही सर्फिंग शिकण्यात. फळीवर उभं राहून लाटेवरून किनाऱ्याला यायचं, ते. मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलंय.

“आई, माझे समुद्रातले पन्नास फोटो आहेत,” ती म्हणाली. “एकातही तू नाहीस.”

“कारण ते मी काढलेत.”

“तेच सांगतेय मी.”

मी घरी विषय काढला. नवरा म्हणाला, तुम्ही दोघी जा, मी घर सांभाळतो. हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “सांभाळू द्या. सवय लागंल.”

मुलीने मोबाइलमध्ये तीन रिसॉर्ट काढून आणले होते, तिन्ही श्रीलंकेतले. पहिल्याच्या फोटोत लाट बोगद्यासारखी वळलेली आणि तिच्या पोटातून एक माणूस बाहेर येत असलेला. दुसऱ्यात प्रत्येक खोलीच्या दाराशी निळा तलाव. तिसरं अगदीच साधं होतं: दहा खोल्या, नारळीची झाडं, वाळूत उभ्या केलेल्या फळ्या, फोटोही धड नाहीत. ते तिने संख्या भरायला ठेवलं असावं.

मामांनी तिचा मोबाइल हातात घेतलाच नाही. “फोटोला तळ नसतो,” ते म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य होतं, पुढे मी ते निदान वीस वेळा ऐकलं.

मग परात. आधी त्यांनी पाण्याखाली खडे रचले आणि पट्टी फिरवली. पाणी खड्यांपाशी आलं आणि एकदम उभं राहून धपकन पडलं. “हा तुमचा बोगदा. दगडावर लाट अशी उभी ऱ्हाती न् अशी पडती. ज्याला येतंय त्याच्यासाठी लई भारी जागा. तुम्ही पडला तर खाली काय हाय?” मग खडे काढून त्यांनी वाळूचा लांब उतार केला. आता पाणी दुरूनच पांढरं होत, पसरत, हळूहळू वर चढलं. “ही ढकलती, पण आपटत नाय.” हीच आकृती मी दर वर्षी फळ्यावर काढते. तिच्यात कुणाचे गुडघे फुटत असतील हे मात्र माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या रिसॉर्टचा निकाल एका वाक्यात लागला. “दारात तलाव हाय म्हणजे तुम्ही तिथंच बसणार, चपला घेऊन.”

तिसऱ्याला त्यांनी फोन लावला. मामांची पद्धत अशी की मालकाशी कधी बोलायचं नाही, मालक जाहिरातच वाचून दाखवतो. बोलायचं ते आचाऱ्याशी, झाडलोट करणाऱ्याशी, फळ्या उचलून ठेवणाऱ्याशी. तिकडचे काही आचारी आखातात नोकरी करून आलेले, त्यांना कामापुरती हिंदी यायची. मामांची दखनी हिंदी त्यांना कशी कळत होती देव जाणे, पण कळत होती.

“हॅलो भय्या, मालिक को नक्को बुलाव, तुमीच बोलो. पानी के नीचे क्या है, रेती या पत्थर? हौ. पाँव टिकते? कमर तक पानी आने को कित्ता चलना पड़ता? सिखानेवाला चिल्लाता क्या? नै नै, बच्ची नै है. टीचर है. डरती है, इसलिए पूछ रा हूँ.”

मी भिंतीकडे बघत बसले. मुलगी हसू दाबत होती.

“और एक बात,” मामा म्हणाले. “चप्पल कहाँ रखते लोगाँ?”

पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं. मामा मान हलवत ऐकत होते. फोन ठेवून म्हणाले, “नारळाच्या बुडाशी ठेवतात. कुणी नेत नाय. अन् कुणी राखत बसत पण नाय.”

झालं, जागा ठरली. इतक्या गंभीरपणे माझ्यासाठी कुणी काही निवडल्याचं मला आठवत नाही. माझ्या लग्नाच्या वेळी स्थळसुद्धा यापेक्षा कमी चौकशा करून पसंत केलं होतं.

मुलगी म्हणाली, दिवाळीत जाऊ, दोघींना सुट्टी असते. मामांनी पेन्सिलीने मागची भिंत दाखवली. तिथे एक पुठ्ठा टांगला होता. त्यावर जाड अक्षरात लिहिलं होतं: ‘दसऱ्याला पाऊस संपतो, आपल्याकडं.’

त्याची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. काही वर्षांपूर्वी गुलमंडीतल्या एका कापडवाल्याच्या कुटुंबाला त्यांनी दिवाळीत श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर पाठवलं. वाळू विचारली, आचारी विचारला, सगळं विचारलं. पावसाचं विचारलं नाही, कारण ते विचारण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नाही. आपल्याकडे नवरात्र उठलं की पाऊस गेला, हे जन्मापासून अंगात मुरलेलं. तिकडे आठ दिवस धो धो पाऊस. ते लोक खोलीत पत्ते खेळून परत आले. मामा त्यांच्या दुकानात गेले, भर गिऱ्हाइकीत उभे राहून ‘चूक माझी हाय’ म्हणाले, आणि घरी येऊन हा पुठ्ठा लिहिला.

“परतीचा मान्सून,” मी म्हटलं. “आपल्याकडून निघालेला वारा बंगालच्या उपसागरावरून पाणी घेतो आणि त्या बाजूला पाऊस पडतो. शाळेच्या पुस्तकात आहे.”

मामा माझ्याकडे बघत राहिले. “पुस्तकात हाय?”

“आहे. मी शिकवते ते.”

“मग तुम्ही मला आधी का नाय भेटला?” ते म्हणाले, आणि त्या आवाजात खरीखुरी तक्रार होती.

पुढच्या खेपेला मी त्यांना भूगोलाचं पुस्तक नेऊन दिलं. त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घालून ते परातीशेजारी ठेवलं आणि खरोखर वाचलं. मधूनच फोन करून शंका विचारत. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने ते पुस्तक इतक्या भक्तीने वाचलेलं नाही. आमची जागा दक्षिण किनाऱ्यावरची होती, तिथला पाऊस तोवर सरलेला असतो, म्हणून तारीख जानेवारीची ठरली. मुख्याध्यापकांनी रजेचा अर्ज वाचून चष्मा काढला आणि विचारलं, “सर्फिंगसाठी? मी कारण काय लिहू?” मी म्हटलं, “कौटुंबिक लिहा.” ते काही खोटं नव्हतं.

आणि एवढं सगळं झाल्यावर मामांनी बुकिंग करायला नकार दिला.

“तुम्ही पाण्यात पाठीवर पडून शंभर मोजा,” ते म्हणाले. “मग करतो.”

“तिथे शिकवणारे असतात ना.”

“ते फळीवर उभं ऱ्हायला शिकवतात. पडल्यावर घाबरायचं नाय, हे कोण शिकवणार? विहिरीवर आधी पायऱ्या बघायच्या, मग उडी मारायची. तुमाला अजून पायऱ्याच ठाऊक नायत.”

मी म्हटलं, शहरातल्या जलतरण तलावाला नाव घालते. तेही त्यांना पटेना. “तिथं तळाची फरशी दिसती. माणूस पाण्यावर भरवसा ठेवत नाय, फरशीवर ठेवतो. आमच्या विहिरीवर या. आमची ही शिकवंल.”

आता विचार करा. श्रीलंकेतल्या समुद्रावर सर्फिंग करायचं म्हणून सत्तेचाळीस वर्षांची भूगोलाची बाई ऑक्टोबरपासून दर रविवारी सकाळी स्कूटी काढून पडेगावला जायला लागली. मामा तिथेच राहायचे, दौलताबाद रस्त्यापासून जरा आत. थोडी शेती, दोन खोल्यांचं घर, समोर ओसरी, आणि अंगणापलीकडे दगडी पायऱ्यांची विहीर. पाऊस चांगला झाला होता, त्यामुळे विहिरीत निम्म्याच्या वर हिरवंगार पाणी होतं. मामी पैठणकडच्या, गोदावरीच्या काठावर वाढलेल्या. ठेंगण्या, गोल, बोलायला मऊ. त्यांनी लुगड्याचा कासोटा आवळला आणि आवाजही न करता पाण्यात शिरल्या. मग माझ्या पाठीला पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा बांधला. माझे भाऊ ज्या वयात हे करून मोकळे झाले होते, त्यानंतर चाळीस वर्षांनी.

मामा विहिरीकडे पाठ करून कठड्यावर बसत. बायामाणसं पाण्यात असताना बघायचं नाही, ही त्यांची रीत. शेजारी माझ्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. “मी हाय इथं,” ते शेताकडे बघत सांगत. “चपलांची फिकीर करू नका.”

ओसरीवर बाज टाकलेली असे, तिच्यावर मामांची आई. अंथरुणाला खिळून बारा वर्षं झालेली, पण आवाज खणखणीत. दर दहा मिनिटांनी तिकडून विचारणा होई, “कोन हाय गं विहिरीत?”

“शाळेतल्या बाई हायेत, आई,” मामी पाण्यातून सांगत.

“कशा पडल्या?”

“पडल्या नायत. शिकायल्यात.”

“ह्या वयात?”

“व्हय.”

मग दहा मिनिटं शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या रविवारी मी चारपर्यंत मोजलं. दुसऱ्या रविवारी अकरा. मामी एकच सांगायच्या, “अंग सोडा, बाई. आपण पान्याला धरायचं नसतं, ते आपल्याला धरतं.” मला ते कळायचं, अंगाला कळायचं नाही. तिसऱ्या रविवारी नाकातोंडात पाणी गेलं आणि मी पायरीवर बसून रडले. पाठीला तो डबा तसाच. म्हटलं, मला नाही जमणार, मुलीला सांगते तू मैत्रिणीला घेऊन जा.

मामी माझ्याशेजारी ओल्या लुगड्याने बसल्या.  मग कठड्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, “ते सांगतात ना, मुद्दाम समुद्र बघत नाय म्हणून? खरं नाय ते. आई अशा पडल्या तवापासून मला घर सोडता येत नाय. मी म्हनलं, तुमी तरी जाऊन या, एवढ्या लोकाला धाडता. तर म्हनले, तू हितं चपला सांभाळत बसशील अन् मी समुद्र बघू व्हय? मला नाय बघायचा.” त्यांनी पदर पिळला. “तवापासून येईल त्याला विचारतेत, चपला कोन सांभाळतं.”

कठड्यावर मामांची पाठ दिसत होती. त्यांना ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. मी उठले आणि पुन्हा पाण्यात उतरले. त्या दिवशी बत्तीस झाले.

पाचव्या आठवड्यात डबा सुटला. डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी पाणी इतकं गार होतं की दात वाजत होते, पण अंग आपोआप सुटलं. वर विहिरीएवढं गोल आभाळ होतं आणि मी मोठ्याने मोजत होते. साठाच्या पुढे गेल्यावर बाजेवरून दुसरा आवाज यायला लागला. आजीही मोजत होत्या. पण त्यांचा वेग जास्त. मी नव्वदवर असताना त्यांचे शंभर झाले आणि त्यांनी जाहीर केलं, “झालं. काढा तिला बाहेर.”

“आईचे झालेत,” मामा पाठमोरेच म्हणाले. “तुमचे दहा ऱ्हायलेत. उठू नका.”

मी उठले नाही. मी शंभर म्हटलं तेव्हा मामींनी पाण्यातच माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता बुकिंग झालं.

त्या रिसॉर्टबद्दल काय सांगू? आचाऱ्याने सांगितलेलं सगळं खरं निघालं. तळाला वाळू होती, बरंच आत चालत गेलं तरी पाणी कमरेइतकंच होतं, आणि शिकवणारा मुलगा ओरडत नव्हता. आचाऱ्याने मला बघून पहिल्याच सकाळी विचारलं, “आप टीचर? चप्पलवाला फोन?” आणि नारळीचं एक बूड दाखवलं. पहिले दोन दिवस मी फळीवर पालथी पडूनही मान वळवून त्या बुडाकडेच बघत होते. शिकवणारा विचारायचा, मागे काय आहे? काय सांगणार. पडत किती वेळा होते याचा हिशेबच नव्हता. पण पडलं की मी पाठीवर व्हायची, अंग सोडायची, आणि वर आभाळ दिसायचं. या वेळी ते गोल नव्हतं, एवढाच फरक.

पाचव्या दिवशी मी उभी राहिले. किती वेळ म्हणाल तर तुम्ही हे वाक्य वाचून संपवाल तेवढा वेळ. शेजारच्या लाटेवर मुलगी होती. ती ओरडत होती, मी ओरडत होते, दोघींना एकमेकींचं काही ऐकू येत नव्हतं. आचाऱ्याने किनाऱ्यावरून तिच्या मोबाइलवर फोटो काढला. त्यात आम्ही दोघी आहोत आणि दोघींची तोंडं उघडी आहेत. तो फोटो आता जर्मनीत तिच्या खोलीत आहे.

बाहेर आलो तर चपला नव्हत्या. सकाळच्या उत्साहात मी त्या नारळीपर्यंत नेल्याच नव्हत्या, ओल्या वाळूवर काढून तशीच पाण्यात शिरले होते. भरती आली आणि दोघींच्या घेऊन गेली. मुलगी म्हणाली, “आई, तू चपला विसरलीस?” तिचा विश्वास बसत नव्हता. माझाही.

मी अनवाणी उभी राहून मामांना फोन लावला. “मामा, चपला वाहून गेल्या.”

मामा म्हणाले, “म्हणजे जागा बरोबर निघाली.”

मला त्यांचे आभार मानायचे होते, पण तेवढ्यात तेच म्हणाले, “बाई, जरा फोन पाण्याकडं धरता का?” मी धरला. बराच वेळ धरला, हात दुखेपर्यंत. पुन्हा कानाला लावला तेव्हा तिकडे मामा मामींना सांगत होते, “घे, तू पण ऐक.”

पुढच्या पावसाळ्यात आजी गेल्या. मामांचे गुडघे दुखायला लागले होते, जिना चढवेना, आणि लोक आता मोबाइलवरच सगळं ठरवतात, म्हणून त्यांनी ऑफिस बंद केलं. त्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. परात पडेगावला गेली आणि पुन्हा कणकेच्या कामाला लागली. भूगोलाचं पुस्तक त्यांनी मला परत दिलं, कव्हरासकट, ठिकठिकाणी पेन्सिलीच्या खुणा केलेलं. ते हातात घेतलं आणि मी तिथेच ठरवलं.

“मामा, तुमच्यात चपला कोण सांभाळतं?” मी विचारलं.

ते हसले नाहीत. मामींकडे बघत म्हणाले, “आता कुणालाच काही सांभाळायचं ऱ्हायलं नाय.”

चार दिवस मी कोकणातल्या घरगुती राहण्याच्या जागांना फोन करत होते. मालकांशी बोलले नाही. एका ठिकाणी स्वयंपाकाला येणाऱ्या बाई मिळाल्या, त्यांना सगळं विचारलं: तळ, उतार, गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाण्यापर्यंत किती चालावं लागेल, पाऊस नक्की कधी संपतो. शेवटी त्या म्हणाल्या, “तुम्ही पोलीस आहात का?” डिसेंबरात आम्ही चौघं निघालो. गाडी नवऱ्याने चालवली.

समुद्र दिसला तेव्हा मामा वाळूच्या कडेलाच थांबले. मामींनी मात्र वेळ घालवला नाही. कासोटा आवळला, चपला काढल्या आणि विहिरीत उतरावं तशा सरळ आत गेल्या. नवरा नारळपाणी आणायला गेला होता. मामांनी आपल्या चपला काढल्या, मामींच्या चपलांशेजारी नीट जोडून ठेवल्या, आणि त्यांच्यापाशी वाळूत बसले.

“उठा मामा,” मी म्हटलं.

“कुणीतरी बसायला पायजे, बाई.”

“मी बसते. द्या इकडे.”

“तुम्हाला चालंल?”

“मला आवडेल,” मी म्हटलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. मी त्यांच्यापुढच्या चारही चपला उचलल्या आणि मांडीवर ठेवल्या. आयुष्यभर हे काम केलं, पण आपणहून मागून घेतलं ते त्या एकदाच.

मामा उठले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, जणू पायऱ्या शोधत होते. मग एकेक पाऊल टाकत निघाले. लाट पायावर आली तसे थबकले, पुन्हा निघाले. मामी आतून हात करत होत्या. गुडघाभर पाण्यात गेल्यावर ते थांबले आणि उजवा पाय इकडेतिकडे फिरवून पाण्याखाली काहीतरी चाचपत राहिले. आयुष्यभर जे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं ते स्वतःच्या पायाने बघत होते. मग वळून त्यांनी मला मोठ्याने सांगितलं, “बाई, खाली रेती हाय.”

“ठाऊक आहे,” मी तिथूनच ओरडले. “मी विचारलं होतं.”